काहीच घडत नसताना काय घडते: समष्टी आनुवंशिकीची पार्श्वभूमी

काळा आणि पांढरा रंग कालवला की करडा तयार होतो आणि त्या करड्यातून मूळचे दोन रंग पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात आनुवंशिकतेबद्दल बहुतेक अभ्यासकांची समजूत याच जातीची होती: आईचे आणि वडिलांचे गुण संततीत एकजीव होतात. चार्ल्स डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, पण निवड होत राहायची तर निवडीला वाव देणारी विविधता पिढ्यान्‌पिढ्या टिकली पाहिजे, आणि मिसळणीच्या आनुवंशिकतेत ती टिकत नाही. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने १८६७ साली या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. एखाद्या प्राण्यात उपयुक्त बदल उद्भवला तरी इतरांशी संकर होता होता तो काही पिढ्यांत विरून जाईल, असा त्याचा आक्षेप होता. हिशेब केला तर अडचण आणखी ठळक होते. जोडीदार यदृच्छया जुळत असतील तर निव्वळ मिसळणीमुळे समूहातले प्रचरण, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप, दर पिढीला निम्मे होते. दहा पिढ्यांनंतर मूळच्या प्रचरणाचा जेमतेम हजारावा भाग उरतो.

या आक्षेपाचे उत्तर ग्रेगोर मेंडेलच्या १८६६ साली छापलेल्या निबंधात होते, पण तो निबंध १९०० पर्यंत जवळजवळ कोणी गांभीर्याने वाचला नाही. मेंडेलच्या वाटाण्यांनी दाखवले होते ते एवढेच की आनुवंशिक घटक मिसळत नाहीत. ते सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे पुन्हा बाहेर येतात. एका जोडप्याच्या संततीपुरती ही गोष्ट स्पष्ट झाली, तरी संपूर्ण समूहाचे काय होते हा प्रश्न वेगळा होता, आणि समष्टी आनुवंशिकी ही शाखा त्या प्रश्नातून उभी राहिली.

त्याचे पहिले उत्तर एका गैरसमजातून आले. बोटे आखूड असण्याचा एक आनुवंशिक दोष प्रभावी असतो, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. तो प्रभावी असेल तर कालांतराने समाजात तीनास एक या प्रमाणात आखूड बोटांची माणसे का दिसू नयेत, अशी शंका उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९०८ साली काढल्याचे सांगितले जाते. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटला शंकेत चूक आहे हे जाणवत होते, पण ती नेमकी दाखवता येईना. त्याने हा प्रश्न क्रिकेटच्या मैदानावरचा आपला सोबती गॉडफ्रे हार्डी याच्यापुढे ठेवला. हार्डी हा शुद्ध गणिताचा कट्टर उपासक. त्याने छोटेसे पत्र लिहून ते अमेरिकेतल्या ‘सायन्स’ नियतकालिकाकडे पाठवले, आणि त्यातले गणित पाढ्यांच्या पातळीचे असल्याबद्दल जवळजवळ क्षमायाचना केली.

ते पाढे असे. एका जनुकाची दोन पर्यायी रूपे, म्हणजे दोन ॲलील, समूहात आहेत असे समजा. दुर्मीळ ॲलीलचे प्रमाण दहात एक असेल, तर आईकडून आणि वडिलांकडून तेच येण्याची शक्यता शंभरात एक, दोन्हींकडून दुसरे येण्याची शंभरात एक्याऐंशी, आणि एकेक येण्याची शंभरात अठरा. पुढच्या पिढीसाठी दुर्मीळ ॲलीलचे प्रमाण पुन्हा मोजले तर ते दहात एकच भरते. प्रभावी असो वा अप्रभावी, निवड नसेल, उत्परिवर्तन नसेल, स्थलांतर नसेल आणि समूह पुरेसा मोठा असेल, तर प्रमाण जागचे हलत नाही. श्टुटगार्टमधला डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग याने हेच त्याच वर्षी जानेवारीत एका व्याख्यानात मांडले होते, पण जर्मनमध्ये. त्याचे नाव नियमाला जोडले जावे अशी आठवण कुर्ट स्टर्नने १९४३ साली करून दिली.

नियम इतका साधा आहे की त्याचे महत्त्व पटकन ध्यानात येत नाही. तो सांगतो की काहीच घडत नसेल तर विविधता तशीच राहते. जेंकिनच्या आक्षेपाचे हे पूर्ण उत्तर होते. शिवाय या शाखेची एक सवयही येथूनच सुरू झाली: आधी ‘काहीच घडत नसताना’ काय दिसेल ते काटेकोर मांडायचे आणि मग प्रत्यक्ष निरीक्षण त्यापासून किती ढळते ते पाहायचे. पुढच्या शंभर वर्षांत या शाखेने जी मोठी पावले टाकली, त्यांतली बहुतेक या ‘काहीच नाही’चे वर्णन अधिकाधिक अचूक करण्याची होती, असे माझे मत आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये दोन गट एकमेकांविरुद्ध उभे होते. कार्ल पिअर्सन आणि त्याचे सहकारी उंचीसारख्या सलग बदलणाऱ्या गुणांची मोजमापे घेत आणि सहसंबंध काढत. विल्यम बेटसनच्या नेतृत्वाखालचे मेंडेलवादी सुट्या, ठळक फरकांवर भर देत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे १९१८ साली रोनाल्ड फिशरने दाखवले. एखाद्या गुणावर पुष्कळ मेंडेलीय घटकांचा थोडाथोडा परिणाम होत असेल, तर नातेवाइकांमध्ये आढळणारे सहसंबंध त्यातून आपोआप निघतात. प्रचरण ही संज्ञा संख्याशास्त्रात रूढ झाली ती या निबंधामुळे. लंडनच्या रॉयल सोसायटीकडे तो आधी गेला होता. परीक्षक होते पिअर्सन आणि पनेट, म्हणजे दोन्ही गटांचा एकेक प्रतिनिधी, आणि दोघांपैकी कोणालाही तो भावला नाही. शेवटी तो एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापला.

त्यानंतरची पंधरा वर्षे ही फिशर, जे. बी. एस. हाल्डेन आणि सूअल राइट या तिघांची. हाल्डेनने १९२४ पासून निवडीच्या गणितावर निबंधमाला लिहिली. इंग्लंडच्या औद्योगिक भागात पेपर्ड पतंगाचा काळा प्रकार पन्नासएक वर्षांत दुर्मीळ अवस्थेतून बहुसंख्य कसा झाला, याचा हिशेब करून त्याने काढले की काळ्या पतंगांना फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट यश मिळत असले पाहिजे. निवड इतकी तीव्र असू शकते यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. त्याचा १९२७ चा निष्कर्ष तर अजून चकित करतो. एका टक्क्याचा फायदा देणारे नवे उत्परिवर्तन मोठ्या समूहात टिकून सर्वत्र पसरण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे शंभर उपयुक्त बदलांपैकी अठ्ठ्याण्णव निव्वळ दुर्दैवाने नाहीसे होतात, कारण सुरुवातीला त्यांच्या मोजक्याच प्रती असतात आणि एखाद्या प्राण्याला अपत्य न होणे किंवा झालेल्या अपत्यांना नेमकी दुसरी प्रत जाणे एवढे पुरेसे असते.

दुर्दैवाचे हे गणित राइटने मध्यवर्ती केले. तो अमेरिकेत गिनीपिगांच्या अंतःप्रजननाचा अभ्यास करत होता आणि लहान कुळे पिढ्यांगणिक एकमेकांपासून कशी भरकटतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. समूहात एकूण जितक्या जनुकप्रती आहेत तितक्या वेळा, दर वेळी परत टाकून, पिशवीतून चिठ्ठ्या काढाव्यात आणि निघालेल्या चिठ्ठ्यांना पुढची पिढी मानावे, अशी ही कल्पना. प्रत्येक सोडतीत प्रमाण थोडे इकडे किंवा तिकडे सरकते. या सरकण्याला अभ्यासकांच्या रोजच्या बोलण्यात ‘जेनेटिक ड्रिफ्ट’ म्हणतात. पुरेशा सोडतींनंतर दोनांपैकी एक ॲलील नामशेष होतो आणि दुसरा स्थिरावतो. हार्डीने समूह अमर्याद मोठा धरला होता. राइट आणि फिशर यांनी तो मर्यादित धरला, आणि ‘काहीच नाही’ या अवस्थेला पहिल्यांदा गती आली. विषमयुग्मजींचे, म्हणजे ज्यांच्याकडे जनुकाच्या दोन वेगवेगळ्या प्रती आहेत अशांचे, प्रमाण किती वेगाने घटते याचे उत्तर फिशरने १९२२ साली चुकीचे, म्हणजे खऱ्याच्या निम्मे काढले होते. राइटच्या हस्तलिखितातला आकडा वेगळा दिसल्यावर त्याने स्वतःची चूक सुधारली. दोघांमधले हे शेवटचे सौजन्य ठरले म्हटले तरी फारसे वावगे होणार नाही. मोठ्या समूहातली निवडच उत्क्रांती घडवते की लहान, विखुरलेल्या समूहांतल्या ड्रिफ्टलाही त्यात वाटा आहे, यावर त्यांचा वाद पुढे आयुष्यभर चालला.

फिशरचा ग्रंथ १९३० साली, राइटचा दीर्घ निबंध १९३१ साली आणि हाल्डेनचे पुस्तक १९३२ साली आले. सिद्धांताची इमारत उभी झाली, पण तिच्यात ठेवायला सामान नव्हते. समूहातल्या सर्वसामान्य जनुकाचे किती ॲलील असतात, एका प्राण्याच्या किती जनुकांच्या दोन प्रती वेगवेगळ्या असतात, या प्राथमिक प्रश्नांना उत्तर नव्हते. जनुक ओळखायचे तर त्यात बिघाड होऊन डोळ्यांना दिसेल असा फरक पडावा लागे. ज्या जनुकात फरक नाही ते अस्तित्वात आहे हेच कळत नसे. त्यामुळे शंभरापैकी किती जनुकांत विविधता आहे हे विचारताना शंभर हा छेदच हाती नव्हता. रक्तगट आणि फळमाशीच्या गुणसूत्रांमधले उलटापालट झालेले तुकडे, एवढाच काय तो अपवाद.

पुराव्याच्या अशा दुष्काळात मतभेद वाढतात. हर्मन मलर आणि त्याच्या बाजूचे अभ्यासक मानत की बहुतेक जनुकांचे एकच उत्तम रूप असते आणि बाकीची रूपे हा निवडीने अद्याप न झाडलेला कचरा. थिओडोशियस डोब्झान्स्की आणि त्याचे सहकारी म्हणत की विविधता निवडीनेच जपलेली असते, कारण विषमयुग्मजी प्राणी अनेकदा सरस ठरतो. डोब्झान्स्कीच्या बाजूला एक भक्कम उदाहरण होते. सिकल सेल आजाराचा ॲलील एकाच प्रतीत असेल तर हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसनने १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले होते. पण एका उदाहरणाने सगळ्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचा, निकाल लागत नाही, आणि या पद्धतीची दुसरी तितकीच स्वच्छ उदाहरणे शोधायला पुढे फार कष्ट पडले.

कोंडी फुटली ती १९६६ साली, जेल नावाच्या थलथलीत पदार्थाच्या पातळ थरावर. शिकागो विद्यापीठात रिचर्ड लेवाँटिन आणि जॅक हबी यांनी एकेक फळमाशी चिरडून तिचा अर्क जेलच्या खाचेत सोडला, विद्युत्‌प्रवाह लावला आणि नंतर विशिष्ट एन्झाइम जिथे असेल तिथेच रंग उमटेल अशा द्रावणात जेल बुडवला. प्रथिनातले एखादे ॲमिनो आम्ल बदलून त्याचा विद्युत्‌भार बदलला असेल तर ते प्रथिन कमीअधिक वेगाने सरकते आणि पट्टा वेगळ्या जागी उमटतो. समयुग्मजी, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेल्या, माशीचा एक पट्टा, विषमयुग्मजी माशीचे दोन. एन्झाइम दोन साखळ्यांच्या जोडीने बनत असेल तर मधला मिश्र पट्टा धरून तीन. संकर करून संतती मोजायची गरज नाही, आजारी किंवा विद्रूप प्राणी शोधायची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे ज्या एन्झाइममध्ये काहीच फरक नाही तेही दिसते, म्हणजे छेद मिळाला. अठरा जनुकांपैकी सुमारे तीस टक्क्यांत विविधता आढळली आणि सरासरी माशी तिच्या सुमारे बारा टक्के जनुकांबाबत विषमयुग्मजी निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिसने माणसांची दहा एन्झाइम तपासली. तीनांत विविधता होती.

हे प्रमाण मलरच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त होते. पण वाद मिटला का? लेवाँटिननेच पुढे १९७४ साली याचे जे वर्णन केले ते या शाखेतल्या बहुतेकांना तोंडपाठ असते: कोणीच खणून काढू न शकलेल्या कच्च्या मालासाठी एक अवघड, देखणे यंत्र बनवून ठेवलेले होते, अखेर खाण लागली, माल भरभरून यंत्रात ओतला, आणि दुसऱ्या टोकाने काहीच बाहेर आले नाही. जुने दोन्ही पक्ष नव्या आकड्यांचा आपापल्या बाजूने अर्थ लावू शकत होते, आणि तोवर तिसरा पक्षही उभा राहिला होता.

तो पक्ष मोतू किमुराचा. जपानमधल्या मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत काम करणाऱ्या किमुराने १९५० च्या दशकात ड्रिफ्टचे गणित उष्णतेच्या विसरणासारख्या समीकरणांनी सोडवले होते. हे काम विलक्षण कठीण होते आणि ते वाचणारे मोजकेच होते. दुसरीकडे एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनची तुलना करून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे सुचवले होते की ॲमिनो आम्लांतले बदल जवळपास ठरावीक गतीने साचत जातात. किमुराने ही गती संपूर्ण जीनोमला लावली. सस्तन प्राण्यांच्या एका वंशात सरासरी दर दोन वर्षांनी एक नवा बदल सगळ्या जातीत स्थिरावत असला पाहिजे, असा त्याचा आकडा आला. याउलट, एका ॲलीलच्या जागी दुसरा आणायला निवडीला किती प्राण्यांचा बळी द्यावा लागतो याचा हाल्डेनने १९५७ साली केलेला हिशेब सांगत होता की दर तीनशे पिढ्यांना एक बदल ही झेपण्याजोगी गती आहे. दोन्ही आकडे बरोबर असतील तर बहुतेक बदलांशी निवडीचा संबंधच नसावा, असे किमुराने १९६८ साली ‘नेचर’मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी जॅक किंग आणि टॉमस ज्यूक्स यांनी जैवरसायनाच्या वाटेने याच निष्कर्षाला पोहोचून आपल्या निबंधाला डार्विनेतर उत्क्रांती असा चिथावणीखोर मथळा दिला.

या सिद्धांताच्या गाभ्यातला हिशेब दोन ओळींचा आहे. द्विगुणित, म्हणजे प्रत्येक प्राण्यात जनुकाच्या दोन प्रती असलेल्या, समूहात जितके प्राणी त्याच्या दुप्पट जनुकप्रती असतात. दर प्रतीमागे उत्परिवर्तनाचा जो दर असेल त्याला या संख्येने गुणले की दर पिढीला निर्माण होणाऱ्या नव्या बदलांची संख्या मिळते. यांपैकी तटस्थ असलेला, म्हणजे ज्याने नफा नाही आणि तोटाही नाही असा, कोणताही एक बदल शेवटी स्थिरावण्याची शक्यता एकूण प्रतींत एक एवढी असते, कारण सर्व प्रतींना सारखीच संधी आहे. आता गुणाकार केला तर समूहाची संख्या वर एकदा आणि खाली एकदा येऊन कटते आणि उरतो तो केवळ उत्परिवर्तनाचा दर. समूह लहान असो वा मोठा, तटस्थ बदल साचण्याची गती तीच. ज्या आकड्याबद्दल फिशर आणि राइट आयुष्यभर भांडले तो इथे हिशेबातून चक्क नाहीसा होतो.

विरोध कडवा झाला, आणि त्यातला काही योग्य होता. हाल्डेनच्या बळींच्या हिशेबाचा मुद्दा पुढे फारसा टिकला नाही. निवडीच्या वेगळ्या गृहीतांवर तो आकडा बदलतो. बदल साचण्याचे घड्याळ वर्षांत चालते की पिढ्यांत, हाही पेच होता: उत्परिवर्तने पिढ्यांच्या हिशेबाने होत असतील तर उंदीर आणि हत्ती यांच्या प्रथिनांची गती सारखी का दिसावी? किमुराची सहकारी तोमोको ओहता हिने १९७३ साली याला दिलेले उत्तर मला मूळ सिद्धांताहून सूक्ष्म वाटते. पुष्कळ बदल पूर्ण तटस्थ नसतात, किंचित घातक असतात. लहान समूहात ड्रिफ्टच्या गोंधळात निवडीला ते दिसत नाहीत, मोठ्या समूहात दिसतात आणि झाडले जातात. लहान प्राण्यांच्या पिढ्या भराभर होतात, पण त्यांचे समूहही मोठे असतात. दोन्ही परिणाम एकमेकांना काही अंशी खोडून काढतात. अशा रीतीने समूहाची संख्या मागच्या दाराने पुन्हा आत आली.

तटस्थ सिद्धांताला सर्वांत जास्त बळ मिळाले ते एका उलट वाटणाऱ्या भाकितामुळे. निवड जर प्रामुख्याने सुधारणा घडवत असेल तर महत्त्वाच्या प्रथिनांत बदल वेगाने व्हायला हवेत. निवड प्रामुख्याने साफसफाई करत असेल तर महत्त्वाच्या प्रथिनांत बदल अगदी कमी आणि बिनमहत्त्वाच्या जागी भरपूर असायला हवेत. गाय आणि वाटाणा यांच्या एच-४ हिस्टोन या, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका, प्रथिनामध्ये १०२ ॲमिनो आम्लांपैकी फक्त दोन वेगळी आहेत, तर रक्त गोठताना कापून टाकल्या जाणाऱ्या फायब्रिनोपेप्टाइडच्या तुकड्यांत बदल झपाट्याने साचतात. निकामी झालेली छद्मजनुके तर सर्वांत वेगाने बदलतात असे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले.

दरम्यान गणितात एक शांत उलटफेर होत होता. वॉरन एवेन्सने १९७२ साली आणि जेफ्री वॉटरसनने १९७५ साली असे प्रश्न घेतले की हातात आलेल्या नमुन्यात किती ॲलील किंवा किती बदललेल्या जागा दिसाव्यात. संपूर्ण समूह भविष्यात कुठे जाईल हा जुना प्रश्न. माझ्यापुढचा नमुना कुठून आला असेल हा नवा. जॉन किंगमनने १९८२ साली त्याला स्वच्छ रूप दिले आणि रिचर्ड हडसन व फुमिओ ताजिमा स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. नमुन्यातल्या जनुकप्रतींच्या वंशरेषा मागे मागे नेत जायचे. दोन रेषा समान पूर्वजाशी मिळाल्या की त्यांची एक रेष होते, आणि शेवटी एकच रेष उरते. याला कोअलेसंट म्हणतात. त्यातून काही अनपेक्षित गोष्टी निघतात. सुरुवातीच्या अनेक रेषा भराभर एकमेकींना मिळतात, पण शेवटच्या दोन रेषा मिळायलाच एकूण काळाचा निम्म्याहून अधिक भाग सरासरीने जातो. अवघ्या दहा प्रतींच्या नमुन्यात संपूर्ण समूहाचा समान पूर्वज सापडण्याची शक्यता अकरात नऊ असते. नमुना दहाचा शंभर केला तर कष्ट दहापट वाढतात, पण झाडाच्या खोलीबद्दल फारसे नवे कळत नाही. अधिक जनुके तपासण्यात मात्र खरा लाभ आहे.

डीएनएचे क्रम वाचता येऊ लागले आणि हे गणित वापरात आले. मार्टिन क्राइटमनने १९८३ साली फळमाशीच्या अल्कोहोल डिहायड्रोजिनेज जनुकाच्या अकरा प्रती अक्षर न् अक्षर वाचून छापल्या. त्रेचाळीस जागी फरक होते. त्यांपैकी चौदा प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात; आणि त्या चौदांपैकी तेरा मूक, म्हणजे ॲमिनो आम्ल न बदलणारे. उरलेला एकच बदल प्रथिन बदलणारा होता, आणि तोही जेलवर जलद आणि मंद अशा दोन पट्ट्यांच्या रूपाने आधीपासून माहीत असलेला. यदृच्छया केलेल्या अक्षरबदलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ॲमिनो आम्ल बदलतात, म्हणजे चौदांपैकी दहाएक तरी बदल तसे असायला हवे होते. ते कुठे गेले? निवडीने आधीच झाडून टाकले. जेलवर ज्यांचा मागमूसही लागत नव्हता ते मूक बदल आता मोजपट्टीचे काम करू लागले.

याच जनुकावर जॉन मॅक्डोनल्ड आणि क्राइटमन यांनी १९९१ साली केलेली तुलना अजून विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवली जाते, कारण ती चार आकड्यांत मावते. फळमाशीच्या तीन जवळच्या जाती घेतल्या. जातीच्या आतल्या फरकांपैकी मूक ४२ आणि प्रथिन बदलणारे २. जाती-जातींमध्ये स्थिरावलेल्या फरकांपैकी मूक १७ आणि प्रथिन बदलणारे ७. सर्व काही तटस्थ असते तर दोन्हीकडे गुणोत्तर सारखे यायला हवे होते, कारण जातींमधला फरक हा जातीच्या आतल्या फरकाचाच पुढचा टप्पा आहे. इथे प्रथिन बदलणारे फरक जातीच्या आत पाच टक्क्यांहूनही कमी आणि जातींमध्ये जवळपास तीस टक्के निघाले. काही बदल निवडीने ओढून नेल्याशिवाय हे जुळत नाही. गंमत अशी की किमुराचा सिद्धांत ज्यांना पटत नव्हता त्यांनाही निवड सिद्ध करायला त्याच सिद्धांताचा आधार घ्यावा लागला. तो निसर्गाचे पूर्ण वर्णन आहे की नाही हा वाद मागे पडला आणि तो शून्य परिकल्पना, म्हणजे ज्याच्याशी निरीक्षण ताडून पाहायचे असे ‘काहीच घडत नाही’चे गृहीत, म्हणून सर्वांच्या वापरात रुजला. ताजिमाची १९८९ ची कसोटीही याच जातीची: विविधता दोन पद्धतींनी मोजायची, तटस्थ अवस्थेत दोन्ही उत्तरे सारखी यावीत, आणि ती जुळली नाहीत तर कारण शोधायचे.

कारण शोधणे मात्र सोपे नसते. विरळ बदलांची संख्या वाजवीपेक्षा जास्त दिसली, तर एखादा उपयुक्त बदल नुकताच वेगाने पसरला असेल, किंवा समूहाची संख्या नुकतीच वाढली असेल. दोन्हींचा ठसा सारखाच उमटतो. शिवाय जनुके सुटी नसतात. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी १९७४ सालीच दाखवले होते की पसरणारा उपयुक्त बदल गुणसूत्रावरच्या आपल्या शेजाऱ्यांनाही सोबत नेतो आणि तिथली विविधता पुसतो. डेव्हिड बिगन आणि चार्ल्स ॲक्वाड्रो यांना १९९२ साली फळमाशीच्या जीनोममध्ये याची खूण सापडली: जिथे गुणसूत्रांची पुनर्जोडणी (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) कमी, तिथे विविधताही कमी. पुढच्याच वर्षी ब्रायन चार्ल्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की घातक बदल सतत झाडले जात असतील तरी शेजारची विविधता अशीच घटते. म्हणजे ज्या जागा स्वतः तटस्थ आहेत त्यांच्यावरही आसपासच्या निवडीची सावली पडते, आणि ‘काहीच घडत नाही’ अशी जागा जीनोममध्ये शोधू म्हटले तरी सहज सापडत नाही.

माणसांच्या बाबतीत रेणवीय विविधतेने काही जुने समजही मोडले. आरंभीच्या अनेक सिद्धांतकारांचा, विशेषतः पिअर्सन आणि फिशर यांचा, सुप्रजननशास्त्राच्या, म्हणजे निवडक प्रजननाने मानववंश ‘सुधारण्या’च्या, चळवळीशी निकटचा संबंध होता आणि तो या शाखेच्या इतिहासातून वगळता येत नाही. लेवाँटिनने १९७२ साली रक्तगट आणि प्रथिने यांची आकडेवारी मांडून दाखवले की मानवी विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहाच्या आत असते. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १९८७ साली १४७ व्यक्तींच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएवरून वंशवृक्ष काढला. त्याचे मूळ त्यांनी आफ्रिकेत आणि सुमारे दोन लाख वर्षांमागे ठेवले. सव्वीस समूहांतल्या २,५०४ व्यक्तींचे जीनोम वाचणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०१५ साली पूर्ण झाला तेव्हा आठ कोटींहून अधिक बदललेल्या जागांची यादी तयार झाली होती. तरीही कोणत्याही दोन माणसांच्या जीनोममध्ये सरासरीने हजार अक्षरांमागे साधारण एकच फरक आढळतो. एवढ्या विविधतेला तटस्थ हिशेबाने पुरेसा समूह काढला तर तो दहा-वीस हजार व्यक्तींचा भरतो, अब्जावधींचा नव्हे. याला प्रभावी संख्या म्हणतात, आणि ती दीर्घ इतिहासातल्या लहान समूहांच्या, टंचाईच्या काळांचा हिशेब सांगते, आजच्या शिरगणतीचा नव्हे.

इथे लेवाँटिनने १९७४ सालीच दाखवलेली विसंगती पुन्हा समोर येते. तटस्थ सिद्धांताप्रमाणे विविधता समूहाच्या संख्येबरोबर वाढायला हवी. फळमाशीची संख्या माणसांच्या, किंवा कोणत्याही मोठ्या सस्तन प्राण्याच्या, कित्येक पट आहे. पण तिच्या दोन प्रतींमधला फरक शंभर अक्षरांमागे एकाच्या आसपास, म्हणजे माणसांच्या फक्त दहापट भरतो. निरनिराळ्या जातींच्या संख्या अनेक दशमान पटींनी वेगळ्या असताना त्यांची विविधता साधारण दोन दशमान पटींच्या, म्हणजे शंभरपटीच्या, अरुंद पट्ट्यात का कोंबलेली आहे? शेजारच्या निवडीने पुसलेली विविधता त्याचा काही भाग समजावून देते, संख्येतले चढउतार आणखी काही, मोठ्या समूहांत उत्परिवर्तनाचा दर कमी असणे आणखी थोडा. पण ही सारी कारणे एकत्र करूनही मधली तफावत भरून निघत नाही, आणि जीनोम स्वस्तात वाचता येऊ लागल्यापासून ती अधिकाधिक जातींत नेमकेपणाने मोजली जात आहे.